खान्देशातली जुनी अनियतकालिकं कुठं शोधावीत?

तुम्ही विचारलंय, इंटरनेट नव्हतं तेव्हा अहिराणी बोलीवर, कानबाई-आखाजी या इथल्या सणांवर कुणी पदरमोड करून, जमेल तेव्हा अंक काढत होतं का, आणि ते आज मिळतील का. काढत होतं. पण 'लिटल मॅगझिन', म्हणजे वाङ्मयीन बंडखोरांची छोटी अनियतकालिकं, म्हणून शोधलंत तर फारसं हाती लागणार नाही. 'शब्द', 'असो', 'येरू' ही मंडळी मुंबईची, त्यांचं भांडण प्रस्थापित साहित्याशी. आखाजीला म्हणायची गौराईची गाणी गोळा करणं त्यांचं काम नव्हतं. आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीच्या कादंबरीकार भालचंद्र नेमाडेंनीही 'वाचा' हे अनियतकालिक काढलं ते औरंगाबादेहून.

इकडं आधी हस्तलिखितं शोधा. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात 'छात्रालय' हे दैनिक स्वतः हातानं लिहून मुलांपुढं ठेवत. छापील 'विद्यार्थी' मासिक त्यानंतरचं, १९२८ चं. हस्तलिखिताची प्रत एकच, त्यामुळं वाचनालयाच्या यादीत ते क्वचितच दिसतं. शाळेचं जुनं कपाट किंवा संपादकाच्या घरचा माळा, तिथंच बघायचं.

सायक्लोस्टाइलच्या अंकांची गोष्ट वेगळी. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं लिहायचं आणि रोलर फिरवायचा. काहीशे प्रती बऱ्या निघत, मग अक्षर फुटायला लागे. कागद स्वस्तातला, शाई पिणारा. आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी तो पापडासारखा मोडतो, म्हणून घडी उलगडण्याआधीच फोटो काढून ठेवा. पुष्कळ अंकांवर तारीखच नसते. १८६७ च्या कायद्यानं नियतकालिकासाठी दंडाधिकाऱ्यापुढं प्रतिज्ञापत्र करावं लागे. 'अनियतकालिक' म्हटलं की ती कटकट टाळता येई. (हौशी संपादकाला आळसासाठीही ते सोयीचंच!) काळ ठरवायला बुकपोस्टच्या (छापील मजकुराच्या स्वस्त टपालाच्या) वेष्टनावरचा शिक्का बघा, नाहीतर जाहिरातीतल्या दुकानाचा तीन आकडी फोन नंबर.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जरूर जा, पण तिथलं 'संशोधक' हे विद्वानांचं नियतकालिक, तुम्हाला हवं ते नव्हे. त्यापेक्षा कॉलेजांची वार्षिकं चाळा. संपादकीय कंटाळवाणं असलं तरी मागच्या पानांत एखाद्या पोरानं आजीकडून उतरवलेली ओवी सापडते. शहादा-तळोद्याकडं १९७२ नंतरच्या, आदिवासी शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेची पत्रकं, गाणी विचारा. आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांची कविता त्याच चळवळीतली.

अहिराणी गाणं मिळालं तर छापील पाठावर विसंबू नका. संपादकांनी ते अनेकदा पुस्तकी मराठीकडं ओढलेलं असतं. गावात कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायांना ते वाचून दाखवा, त्या जिथं हसतील ती ओळ आधी तपासा.