लिफ्ट केल्यावर जिम्नीचं मागचं ॲक्सल एका बाजूला सरकलंय. ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड पुरेल की ट्रेलिंग आर्म पण बदलावे लागतील?

रॉड पुरेल. पॅनहार्ड रॉड म्हणजे ॲक्सलला डावंउजवं जागेवर धरणारा आडवा दांडा, ट्रेलिंग आर्म त्याला पुढेमागे धरतात. दोन इंचाच्या लिफ्टला, म्हणजे सस्पेन्शनमधून गाडी दोन इंच उंच केली असेल तर, ट्रेलिंग आर्मच्या नादाला लागू नका.

एवढंच लिहून थांबणार होतो पण तुम्ही प्रश्नात खाली लिहिलंय ना, की लिफ्ट बसवणारा म्हणतो एका बाजूला स्पेसर (चाक आणि हबच्या मध्ये बसणारी चकती) टाका, टायर सारखे दिसतील, ते वाचून राहवलं नाही. हाच सल्ला आमच्या भावोजींना पण कोणीतरी दिला होता आणि त्यावरून आमच्या घरी जे झालं ते अजून मिटलेलं नाही.

मी मेकॅनिक नाही, टर्नर आहे. गोव्यात फोंड्याला लेथ आहे. मायनिंग चालू होतं तेव्हा टिपरच्या पिना, बुश, हेच काम रात्रंदिवस, २०१२ ला बंदी आली आणि ते सगळं बसलं. पण त्या काळात ॲक्सल सरकलेल्या गाड्या जेवढ्या बघितल्या तेवढ्या शोरूमच्या लोकांनी बघितल्या नसतील. ओव्हरलोड टिपर, कमानपाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला, एका बाजूने ॲक्सल मागे गेलेलं, आणि ड्रायव्हर बिनधास्त कुर्लीसारखी (खेकड्यासारखी) तिरकी गाडी घेऊन साखळीच्या रस्त्याने चाललाय.

तर भावोजी वेंगुर्ल्याचे, मे महिन्यात ताईला घेऊन आले, नवीन लिफ्ट केलेली जिम्नी दाखवायला. अंगणात लावली, मी मागून बघितली, डावा टायर बाहेर. म्हटलं भावोजी ॲक्सल सरकलंय. ते म्हणाले अंगणाला उतार आहे रे. उतार आहे हे खरं, म्हणून गाडी शॉपवर कोब्यावर नेली, शेजारच्या गवंड्याचा ओळंबा आणला, मडगार्डच्या कडेवरून सोडला आणि रिमच्या काठापर्यंत पट्टीने मोजलं. दोन्ही बाजूंच्या मापात ११ मिमीचा फरक. मडगार्डचा पत्रा कंपनीतूनच थोडा इकडेतिकडे असतो म्हणून खाली शिरून चासीपासून रिमपर्यंत पण मोजलं, तेवढंच आलं.

हे का होतं ते तुम्हाला माहीत असेलच, रॉडचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. बॉडी वर गेली की रॉड जास्त तिरका होतो आणि आडवी लांबी कमी पडते, मग ॲक्सल चासीच्या माऊंटच्या बाजूला ओढलं जातं. समजा रॉड ९०० मिमीचा आणि आधी त्याची दोन टोकं ६० मिमी वरखाली होती, लिफ्टनंतर ११० झाली, तर हिशोब करून बघा, ॲक्सल साधारण ५ मिमी सरकतं. म्हणजे किट खराब नाही, चासी वाकलेली नाही, ही साधी भूमिती आहे.

आता मजा ऐका. किटबरोबर ॲडजस्टेबल रॉड आलेलाच होता! बसवणाऱ्याने गरज नाही म्हणून लावलाच नाही, डिकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तसाच, आणि वर स्पेसर घ्या म्हणून सांगितलं. मी रॉड काढला, एका बाजूला उजवे आटे, एका बाजूला डावे, पिच दीड मिमी, म्हणजे मधला पाईप एक फेरा फिरवला की रॉड ३ मिमी लांब. जुन्या रॉडएवढा जुळवला आणि म्हटलं आता साडेपाच मिमी वाढवायचा. भावोजी म्हणतात फरक ११ चा तर वाढवायचा ११, साडेपाच कुठून आणलंस? मी सांगितलं अहो एका बाजूने साडेपाच आत गेलंय म्हणून दुसऱ्या बाजूने साडेपाच बाहेर आलंय, फरक दुप्पट दिसतो, सरकवायचं निम्मंच. तर म्हणाले, आणि हे ताईसमोर म्हणाले, टर्नरने टर्निंग करावं, सस्पेन्शनमधलं तुला काय कळतं.

ठीक आहे. ताईचा नवरा, वयाने मोठे, गाडी त्यांची. ११ वाढवला. जुना बोल्ट बुशच्या (रॉडच्या टोकातल्या रबराच्या) स्लीव्हमध्ये गंजून धरलेला होता (समुद्राला लागून घर, दुसरं काय होणार), तो हॅकसॉने दोन्हीकडून कापून काढावा लागला, घामाने भिजलो, नवीन बोल्ट घातला, गाडी खाली घेतली, ओळंबा सोडला. आता उजवा टायर ११ मिमी बाहेर. बरोब्बर ११. मी काही बोललो नाही, पट्टी त्यांच्या हातात दिली. मग परत सैल करून जवळजवळ दोन फेरे उलटे दिले आणि फरक अर्ध्या मिमीवर आला. आजही भावोजी सगळ्यांना सांगतात की "आम्ही दोघांनी मिळून सेंटर केलं". दोघांनी म्हणे.

असो. तुम्ही करताना काय सांभाळायचं, तर माप नेहमी गाडी चाकांवर उभी असताना, सपाट जागी, टाकीत रोज असतं तेवढं पेट्रोल. जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजू नका, टायर जमिनीला आडवे धरून राहतात आणि खोटं माप येतं, गाडी चार हात पुढेमागे करा, मागून दाबून दोनतीनदा हलवा, मग मोजा. आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते पण चाकं जमिनीवर असतानाच. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुशचं रबर पिळलेलंच राहतं आणि थोड्या दिवसांत फाटतं. आमच्या इथले निम्मे मेस्त गॅरेजच्या लिफ्टवर गाडी टांगून सगळं फुल टाइट करून टाकतात, मग बुशच्या कंपनीला शिव्या. जाम नट, म्हणजे रॉडचा पाईप परत फिरू नये म्हणून आवळायचा नट, विसरू नका. चोर्ला घाट एकदा चढून उतरून आलात की परत पाना लावून बघा.

ट्रेलिंग आर्मचं काम वेगळं आहे. रॉड ॲक्सलला डावंउजवं धरतो, आर्म पुढेमागे धरतात. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा, जिम्नीचा २५९० मिमी आहे, डावीकडे उजवीकडे सारखा आला तर आर्मला हात लावायचं कारणच नाही. फरक आला तर गाडी तिरकी चालते आणि ते पॅनहार्डने कधीच सुटणार नाही, आधी आर्म बघा, मग रॉड. जास्त उंच लिफ्ट असेल तर पिनियनचा अँगल (प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलला जोडतो तिथला कोन) वगैरे येतो, तुमचं दोनच इंच आहे. पुढे मात्र बघा, जिम्नीला पुढे पण तसाच रॉड आहे आणि तिथे कॅस्टर (स्टेअरिंग आपोआप सरळ ठेवणारा मागे झुकलेला कोन) पण कमी होतो, स्टेअरिंग हलकं आणि भिरभिरं लागत असेल तर ते मागच्या ॲक्सलमुळे नाही.

आणि तो स्पेसर. एका बाजूला स्पेसर टाकून ॲक्सल सेंटरला येत नाही, फक्त दिसायला टायर सारखे होतात. ॲक्सल, स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर सगळं सरकलेलंच, वर त्या एका बेअरिंगवर लोड वाढला, आणि पातळ स्पेसर असेल तर नटला स्टडचे आटे कमी मिळतात. चाकाच्या नटाशी खेळ करायला सांगणाऱ्या माणसाकडून मी पंक्चर पण काढून घेणार नाही.

पॅनहार्डच नको असेल तर वॉट लिंकेज असतं, जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढलेलं, त्यात ॲक्सल वरखाली होताना जवळजवळ सरळच राहतं. स्कॉर्पिओ-एनला मागे तेच आहे. पण जिम्नीला ते करून घ्यायला जाऊ नका, पैसे उडतील.

हां, एक राहिलं. रॉड तयार मिळतो तोच घ्या, जुना कापून मध्ये पाईप वेल्ड करू नका, मी लेथवाला असून सांगतो. लिफ्टवर आरटीओ आणि इन्शुरन्सवाला दोघेही बोट ठेवू शकतात, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. आणि खरं सांगायचं तर ५ मिमीने चालवताना तुम्हाला काहीच जाणवणार नाही, टायर कुठे घासत नसेल तर नाही केलं तरी चालतं. हे भावोजी पण म्हणाले होते, पण ते पट्टी हातात दिल्यावर म्हणाले, आधी नाही.

दोन्ही बाजूंची मापं आणि चासीचा माऊंट कुठल्या बाजूला आहे ते खाली कमेंटमध्ये टाका, आट्यांचं पिच पण मोजून लिहा, किती फेरे द्यायचे ते सांगतो. स्पेसर घेतला असेल तर बिल आहे तोवर परत करा.