तंबूची निगा : वाचकांचे प्रश्न

गेली १७ वर्षं मी शिबिरांच्या भांडारात तंबू देते, परत आलेले तपासते, धुते, शिवते. या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्याला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण याच कारणाने वाया गेलेले तंबू मी सर्वांत जास्त पाहिले आहेत.

ताई, तीन वर्षांपूर्वी घेतलेला तंबू जेमतेम चार वेळा वापरला. परवा माळ्यावरून काढला तर हाताला चिकट लागतो, आंबूस वास येतो आणि फ्लायचे, म्हणजे तंबूवरून घालायच्या आच्छादनाचे, आतून पापुद्रे निघताहेत. इतका कमी वापरूनही असं कसं झालं? वाचवता येईल का?

तो वास मी पिशवीची नाडी सोडतानाच ओळखते. बहुतेक तंबूंच्या कापडाला आतल्या बाजूने पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. नुसतं नायलॉन किंवा पॉलिस्टर पावसात टिकणार नाही, पाणी हा थर अडवतो. पण हवेतली ओल त्याला हळूहळू तोडत राहते आणि उष्णता असेल तर हे काम वेगाने होतं. तुमचा तंबू माळ्यावर होता. छताखालची उष्णता, घट्ट बांधलेली पिशवी, आणि बहुधा शेवटच्या सहलीतली थोडी ओल. वापर कमी झाला म्हणून तो टिकायला हवा होता असं तुम्हाला वाटतं, पण तंबू पडून असतानाच जास्त झिजला.

पापुद्रे निघायला लागले म्हणजे फ्लायचा थर गेला. वरून लावायची द्रव्यं मिळतात, पण जुना थर पूर्ण निघाल्याशिवाय नवा धरत नाही. मी असे दोन तंबू घासत बसले होते. एकाचा तळ कामचलाऊ झाला, फ्लाय मात्र दोन्हींची गेली. तुम्ही आतला जाळीचा तंबू, पोल, खुंट्या आणि दोर ठेवा, तेवढी फ्लाय वेगळी मिळते का बघा. पुढे कधी नवा तंबू घ्याल तेव्हा दोन्ही बाजूंनी सिलिकॉन दिलेलं कापडही पाहा. त्याला हा चिकटपणाचा रोग होत नाही. मात्र त्याच्या शिवणी बंद करायला सिलिकॉनचंच द्रव्य लागतं, दुसरं त्यावर चिकटत नाही.

माझ्या हातूनही एकदा हे झालं आहे. भर पावसातून शिबिर परतलं, रात्री साडेअकराला १४ ओले तंबू भांडारात आले. उद्या पसरू म्हणून तसेच फळीवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी घरात आजारपण निघालं. नवव्या दिवशी पिशव्या उघडल्या तर सहा तंबूंवर काळी बुरशी. मऊ ब्रशने आणि सौम्य साबणाने वास गेला, डाग आजही आहेत. मुलं ते तंबू घ्यायला कुरकुरतात तेव्हा मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून ओला तंबू आला की कितीही वाजलेले असोत, त्याच रात्री दोरीवर जातो.

वाळवायचं ते सावलीत. उन्हाने कापड लवकर सुकतं खरं, पण तेच ऊन नायलॉनचा आणि पॉलिस्टरचा धागा कमजोर करतं. कापड सुकलं तरी शिवणी, तळाचे कोपरे आणि खुंटी अडकवायच्या पट्ट्या ओल धरून ठेवतात. मी खालची शिवण गालाला लावून बघते, बोटांना न कळणारा गारवा गालाला कळतो. मग तंबू त्याच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवायचा नाही. जुन्या उशीच्या अभ्र्यात किंवा सुती पिशवीत सैलसर ठेवा, घरातल्या कोरड्या, थंड जागी. छोटी पिशवी फक्त प्रवासापुरती.

आणि कृपा करून वॉशिंग मशीन नको. त्यात थरही सोलवटतो आणि शिवणींवरच्या पट्ट्याही सुटतात.

पाऊस नव्हता, तरी सकाळी फ्लाय आतून ओलीचिंब आणि झोपायच्या पिशव्या दमट. तंबू नवा आहे. गळका निघाला म्हणून परत करू का?

इतक्यात परत करू नका. रात्री जाग आली की फ्लायच्या आतून हात फिरवा. सगळीकडे सारखं दव असेल तर ते तुमच्या श्वासातलं बाष्प आहे, थंड कापडावर जमलेलं. गळतीची ओल पावसातच दिसते आणि एखाद्या शिवणीखाली रेघ धरून किंवा एकाच जागी थेंबथेंब येते.

झोपताना झरोके उघडे ठेवा, शक्य तर एक खाली आणि एक वर. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की हमखास भिजाल. फ्लाय नीट ताणलेली असावी, आतल्या तंबूला ती टेकली की पाणी आत उतरतं. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, म्हणून निजण्याआधी सगळे दोर एकदा पुन्हा ओढून घ्या. ओले कपडे, बूट आतल्या खोलीत नकोत. जागा निवडताना पाण्याच्या अगदी काठावरची आणि खोलगट टाळा, थंड दमट हवा तिथेच साचते. झाडाखाली दव कमी पडतं, पण आधी मान वर करून वाळक्या फांद्या पाहा.

बाष्प घालवायला म्हणून आत स्टोव्ह पेटवू का, असंही तुम्ही विचारलं आहे. अजिबात नाही. जळणातून उलट आणखी बाष्प निघतं, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. कापड पेट घेतं ते वेगळंच. धगधगते निखारे किंवा विझत आलेली शेगडीसुद्धा आत आणायची नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

तंबू स्वतःच्या पोलवर उभा राहतो. वारा नसेल तर बाजूचे दोर बांधायची गरज आहे का?

आहे. तुम्ही निजल्यावर वारा उठला तर अंधारात दोर शोधत बसावं लागेल. घुमटासारखा तंबू पोलच्या बाकावर उभा असतो, वाऱ्याने तो बाक मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून दोर. शिवण ज्या दिशेने येते त्याच रेषेत दोर ओढा. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं आणि ती आकड्यापर्यंत आत गेलेली हवी. वाळूत खुंटी धरत नाही. तिथे पिशवीत वाळू भरून दोर तिला बांधा आणि पिशवी पुरून टाका.

पहिल्याच रात्री फायबरचा पोल मोडला. तंबू खराब होता की आमची चूक?

मोडलेला पोल न बघता सांगणं कठीण, पण माझ्याकडे मोडून येणारे बहुतेक पोल सांध्यापाशी गेलेले असतात. एक तुकडा दुसऱ्यात पूर्ण बसलेला नसतो आणि तसाच वाकवला जातो. दुसरं कारण म्हणजे पोल कापडाच्या बाहीतून ओढणं. तो ढकलायचा असतो. ओढला की आतली इलॅस्टिक दोरी ताणते, सांधा उघडतो आणि फट कापडात अडकते.

तात्पुरत्या दुरुस्तीसाठी पोलवर सरकणारी छोटी नळी मिळते. ती मोडलेल्या जागेच्या बरोबर मध्ये आणून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची. नळी नसेल तर एक सरळ खुंटी जोडीला धरून बांधा, रात्र निघते. मी पाण्याच्या बाटलीवर दोनतीन हात चिकटपट्टी कायम गुंडाळून ठेवते. फायबरची कुसळं बोटात घुसतात, हातमोजे घालूनच हात लावा.

माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणते, या वेळी तंबू मीच लावणार. लावू द्यावा का? कुठून सुरुवात करू?

जरूर लावू द्या! मला हे पत्र फार आवडलं. फक्त पहिली खेप घरीच होऊ द्या, दिवसाउजेडी, हातात वेळ असताना. मध्ये मध्ये बोलू नका.

जागेवर गेल्यावर आधी तिला जमिनीवरून तळवे फिरवून खडे, काटे, मुळं वेचायला सांगा. मग ग्राउंडशीट, म्हणजे तंबूखाली अंथरायचं कापड, पसरून दोघी त्यावर आडव्या व्हा, उतार पाठीला लगेच कळतो. डोकं चढाच्या बाजूला. ग्राउंडशीटच्या कडा तंबूच्या तळाबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी त्यावर गोळा होऊन थेट तुमच्या खाली जाईल. कोपरे ठोकण्यापूर्वी दारांच्या चेन बंद करायला तिला आठवण करा. उघड्या चेनवर तंबू ताणला तर नंतर ती बंदच होत नाही, आणि मुलं मग जोर लावून रनर तोडतात. वारा असेल तर ज्या बाजूने येतो ती बाजू आधी ठोका, दार त्या तोंडाला ठेवू नका. पोल वाकवताना मात्र दुसऱ्या टोकाला तुम्ही उभ्या राहा, सुटलेला पोल डोळ्याला लागू शकतो.

आवरणंही तिच्याकडेच द्या. आतला कचरा झाडायचा, चेन थोडी उघडी ठेवून दाराच्या दिशेने गुंडाळत यायचं म्हणजे हवा बाहेर पडते. पोल टोकापासून न घडता मधून घडायचे, दोरी सगळीकडे सारखी ताणते. आणि खुंट्या. येताना किती होत्या ते तिच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. तेवढ्या पिशवीत परत गेल्याशिवाय कुणी निघायचं नाही, हे तिलाच सगळ्यांना सांगू द्या.