वॉगा वॉगा : कावळे की नाच?

प्रश्न असा आला आहे : मुलगी ऑस्ट्रेलियात वॉगा वॉगा या गावी शिकायला गेली आहे. जुन्या माहितीत गावाच्या नावाचा अर्थ ‘पुष्कळ कावळ्यांची जागा’ असा दिलाय, तिथले लोक मात्र ‘नाच’ असं सांगतात. खरं काय?

लोकांचं ऐका. मरमबिजी नदीकाठचं हे गाव विराजुरी या मूळ रहिवाशांच्या मुलखात येतं, आणि नाव त्यांच्याच भाषेतलं. त्या भाषेत कावळा म्हणजे ‘वागन’. यातला ‘वा’ दीर्घ आहे, शेवटी ‘न’ आहे. नाचण्याचा धातू ‘वग’, ऱ्हस्व. इंग्रजी कानाला हा फरक लागला नसावा. आपल्याला तो समजायला जड जाऊ नये. ‘मग’ आणि ‘माग’ यांत आपण कधी गल्लत करतो का? शिवाय कावळ्याचा ‘न’ गेला कुठे, याचं उत्तर कावळेवाल्यांना द्यावं लागतं.

(आपल्या तमाशातही ‘वग’ असतो! पण तो निव्वळ योगायोग. कृपया यावरून विराजुरी मूळचे नारायणगावचे ठरवू नका.)

नाव दोनदा का? ती द्विरुक्ती. ‘घरोघर’, ‘पानोपानी’ म्हणताना आपण जे करतो तेच : शब्द पुन्हा उच्चारला की पुष्कळपणा येतो. म्हणून पुष्कळ नाच, उत्सव. त्या भागात अशी जोडनावं बरीच आहेत : गमली गमली, ग्रोंग ग्रोंग, बुक बुक. (शेवटच्याचा पुस्तकांशी संबंध नाही.)

नाचाचा अर्थ लावून धरला तो स्टॅन ग्रँट सीनियर या विराजुरी ज्येष्ठांनी. त्यांच्या आजोबांना भर बागेत नातवाला विराजुरीत हाक मारल्याबद्दल अटक झाली होती. पुढे याच नातवाने जॉन रडर यांच्याबरोबर विराजुरीचा कोश केला. 2019 मध्ये वॉगाच्या नगर परिषदेनेही कावळे सोडून नाच-उत्सवाचा अर्थ अधिकृतपणे स्वीकारला. शंभराहून जास्त वर्षं कावळ्यांचं म्हणून मिरवलेल्या गावाला हे सोपं गेलं नसणार.

खुद्द ‘विराजुरी’ हा शब्द तर याहून गमतीचा. ‘विराय’ म्हणजे नाही. ‘विराय’ म्हणणारे ते विराजुरी. शेजारच्या कमिलरोईंचं नावही तसंच, त्यांच्या ‘गमिल’ म्हणजे नाही यावरून पडलेलं. आपल्याकडे ‘नाय’वाले, ‘न्हाई’वाले आणि गोव्याचे ‘ना’वाले अशा जमाती पाडाव्यात, तसं.

आता उच्चार. ‘वॅगा’ नव्हे, ‘वॉगा’. गावातली माणसं बोलताना एकदाच म्हणतात. मुलीला पार्सल पाठवाल तेव्हा पत्त्यावर मात्र दोनदा लिहा.