जुन्या लिफ्टचं दार: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमच्या गिरगावातल्या चार मजली इमारतीत जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट आहे. बटण दाबलं तरी कधीकधी ती जागची हलत नाही. तिसऱ्या मजल्यावरचं दार कुणी जोरात आपटलं की मग निघते. मेकॅनिक म्हणतो, ‘तिथला कॉन्टॅक्ट डायरेक्ट करून देतो.’ करून घ्यावा का?

उत्तर : अजिबात नाही. मजल्यावरच्या दाराचं कुलूप दोन कामं करतं. त्यातला लोखंडी आकडा खाचेत अडकून दार धरून ठेवतो, आणि आकडा नीट बसला की त्याला जोडलेली तांब्याची पट्टी वीजमार्ग पुरा करते; हाच तो कॉन्टॅक्ट. तळमजला धरून तुमच्याकडे अशी पाच कुलपं आणि डब्याच्या जाळीचा एक कॉन्टॅक्ट. हे सहाही एकाच वायरीत एकामागोमाग जोडलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, तसंच हे. एक जागा सुटली तरी लिफ्ट निघत नाही.

आपटल्यावर चालते याचा अर्थ आकडा खाचेच्या काठाला घासतोय, किंवा पट्टी काळी पडली आहे. लाकडी दाराच्या वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं, आणि एवढं पुरतं. आधी बिजागरी घट्ट करून दार उचलून घ्यायचं. आकडा ठोकून वाकवणं हा उपाय नव्हे. मग मेन स्विच बंद करून पट्टी बारीक काचपेपरने हलकेच साफ करायची. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात. स्प्रिंग मऊ पडली असेल तर ती बदलायचीच. आकडा खाचेत निदान 7 मिलिमीटर शिरल्यावरच कॉन्टॅक्ट जुळावा, असं आजची मानकं सांगतात. जुनं कुलूपही त्याच मापाने लावून घ्या.

‘डायरेक्ट’ म्हणजे कॉन्टॅक्टची दोन टोकं वायरीने जोडून टाकणं. मग तिसऱ्या मजल्याचं दार सताड उघडं असलं तरी लिफ्ट निघून जाते. नंतर येणारा माणूस सवयीने पाऊल टाकतो आणि समोर डबा नसतो. बिघाड शोधताना मेकॅनिक काही मिनिटं अशी वायर लावतो, पण जाताना ती निघालीच पाहिजे. सोसायटीने उभं राहून ती काढून घ्यावी.

रहिवाशांना दोन गोष्टी स्वतः तपासता येतात. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर असताना बाकी प्रत्येक मजल्याचं दार ओढून बघा. एकही उघडता कामा नये. ओढताना पाय मागे आणि दुसरा हात चौकटीला. दुसरं, डबा थांबलेला असताना जाळी चार बोटं उघडी ठेवून बटण दाबा. लिफ्ट हलली तर त्याच क्षणी ती बंद ठेवा.

प्रश्न : लिफ्ट मजल्यावर थांबली की ‘खट्’ आवाज येतो. हल्ली जाता-जाता प्रत्येक मजल्यावरही ‘टक-टक’ ऐकू येतं. का?

उत्तर : पहिला आवाज कॅमचा. डब्यावर एक उभी पट्टी असते, तिला रिटायरिंग कॅम म्हणतात. लिफ्ट चालू असताना विद्युतचुंबक ती आत ओढून धरतो. थांबली की वीज तुटते, कॅम स्प्रिंगच्या जोरावर बाहेर येतो, कुलपाच्या रोलरला ढकलतो आणि आकडा सुटतो. म्हणून फक्त डबा असलेल्या मजल्याचंच दार उघडतं. ‘खट्’ मोठा झाला असेल तर कॅमचा रबरी बफर झिजला असेल.

‘टक-टक’ मात्र गंभीर आहे. कॅम पुरता आत जात नाही आणि वाटेतल्या रोलरना घासतो. कॅमच्या बिजागऱ्यांत साचलेलं वंगण किंवा त्याच्या विद्युतचुंबकाची कमजोर कॉइल ही नेहमीची कारणं. दुर्लक्ष केलं तर एखादा आकडा वाटेतच सुटेल आणि लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकेल.

प्रश्न : ऑफिसातल्या जुन्या लिफ्टचं आपोआप सरकणारं दार पूर्वी शेवटी अलगद मिटायचं, आता आदळतं.

उत्तर : त्या काळच्या बऱ्याच यंत्रणांत मोटर पट्ट्याने एक मोठं चाक अर्धा फेरा फिरवते आणि चाकाला जोडलेला दांडा दार सरकवतो. गंमत या अर्ध्या फेऱ्यातच आहे. पहिल्या 45 अंशांत दार एकूण अंतराच्या जेमतेम 15 टक्के सरकतं, मधल्या 90 अंशांत 70 टक्के आणि शेवटच्या 45 अंशांत पुन्हा 15 टक्के. 800 मिलिमीटर सरकणाऱ्या दाराचे शेवटचे सव्वाशेएक मिलिमीटर म्हणूनच हळू जातात. शिवाय टोकाजवळ एक स्विच मोटरला रेझिस्टन्स जोडून तिचा वेग उतरवतो.

आदळतं तेव्हा आधी हा स्विच आणि रेझिस्टन्सची सरकती पट्टी बघा. पट्टी सैल झाली की वेग उतरतच नाही. मग चाक थांबण्याची जागा तपासा. दार मिटताना दांडा आणि चाकाचा मध्य जवळपास एका रेषेत आले पाहिजेत. आधीच थांबलं तर फट राहते आणि कुलूप लागत नाही. या सगळ्याच्याही आधी उंबरठ्याची खाच ब्रशने साफ करा. तिथे खडे, पिना, बिल्ले अडकतात. खाचेत तेल मात्र घालू नका, त्यावर धूळ चिकटून दगडासारखी होते.