‘पॅकेज 48 लाखांचे’, पण खात्यात किती?

प्रश्न : माझे वय 31 असून कोथरूडला आई-वडिलांसोबत स्वतःच्या घरात राहतो. खराडीतील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत माझा सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 26 लाख आहे. तीन दिवस ऑफिसला जावे लागते, जाण्यायेण्यात दोन तास मोडतात आणि आठवड्याचे काम साधारण 42 तासांचे होते. आता एका बड्या अमेरिकी तंत्रज्ञान कंपनीच्या हैदराबाद कार्यालयाकडून ऑफर आली आहे. एचआरने फोनवर ‘48 लाखांचे पॅकेज’ असे सांगितले. पत्रात फिक्स्ड 30 लाख, जॉइनिंग बोनस पहिल्या वर्षी 8 आणि दुसऱ्या वर्षी 6 लाख, तसेच चार वर्षांत मिळून 40 लाखांचे शेअर्स (अनुक्रमे 5, 15, 40 आणि 40 टक्के) असे लिहिले आहे. पाचही दिवस ऑफिस, दर सहा आठवड्यांनी एक आठवडा ऑन-कॉल (बिघाड झाल्यास केव्हाही हजर राहण्याची पाळी) आणि सिअ‍ॅटलच्या टीमसोबत काम. तिथली मंडळी आठवड्याला 50 तास सहज होतात म्हणतात. गचीबावलीत दोन बेडरूमच्या घराचे भाडे 38 हजार आहे. घरचे म्हणतात, पगार जवळजवळ दुप्पट होतोय तर विचार कसला करतोस?

उत्तर : घरच्यांचा आनंद रास्त आहे, पण 48 हा आकडा तुमच्या पत्रात कोणत्याच वर्षासमोर लिहिलेला नाही. एचआरने फिक्स्ड 30, शेअर्सचा चौथा हिस्सा म्हणून 10 आणि पहिल्या वर्षाचा बोनस 8 अशी बेरीज करून तो सांगितला असावा. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी शेअर्सपैकी 5 टक्के, म्हणजे 2 लाखांचेच तुमच्या नावावर होतील. त्यामुळे पहिले वर्ष 40 लाखांचे, दुसरे 42 लाखांचे आणि तिसरे व चौथे प्रत्येकी 46 लाखांचे ठरते. शेवटाकडे झुकलेली ही विभागणी अ‍ॅमेझॉनमुळे आपल्याकडे परिचित झाली. गूगलसारख्या कंपनीत उलट पहिल्या दोन वर्षांतच मोठा वाटा मिळतो. म्हणून दोन कंपन्यांच्या ऑफर शेजारी ठेवताना चार वर्षांची बेरीज पाहू नये, वर्षावर्षाचा तक्ता मांडावा.

आता फिक्स्ड 30 लाखांकडे पाहू. तीस भागिले बारा म्हणजे महिना अडीच लाख, असा हिशेब मनात चटकन होतो आणि तिथेच गफलत होते. मूळ वेतन निम्मे, म्हणजे 15 लाख धरले, तर कंपनीचा 12 टक्के पीएफ (1 लाख 80 हजार) आणि ग्रॅच्युइटीची तरतूद (मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 72 हजार) बहुतेक ठिकाणी या तिसातच मोजलेली असते. उरलेल्यातून तुमच्या वाट्याचा तितकाच पीएफ कापला जाईल आणि नव्या करप्रणालीच्या 2025-26 च्या दरांनी जवळपास 4 लाख कर जाईल. महिन्याला हातात येतील सुमारे 1 लाख 81 हजार. हेच गणित तुमच्या सध्याच्या 26 लाखांना लावले, तर आज तुम्हाला सुमारे 1 लाख 61 हजार मिळत असले पाहिजेत. पगाराची स्लिप काढून ताडून पाहा. म्हणजे महिन्याच्या हिशेबात वाढ होते 20 हजारांची आणि भाडे आहे 38 हजारांचे. कोथरूडचे घर रिकामे होणार नसल्यामुळे त्याचे भाडेही येणार नाही. दर महिन्याच्या घरखर्चापुरते पाहिले, तर हैदराबादला तुम्ही आजच्यापेक्षा अंदाजे 18 हजारांनी ओढगस्तीत असाल. पीएफ दोन्ही बाजूंचा मिळून वर्षाला 48 हजारांनी अधिक साठेल ही जमेची बाजू आहे, परंतु तो पैसा कुलपातला आहे. ग्रॅच्युइटी तर कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावरच मिळते. चौथ्या वर्षी सोडणार असाल, तर ते 72 हजार पत्रात छापलेले असूनही तुमचे नाहीत.

थोडक्यात, या ऑफरचा सारा फायदा बोनस आणि शेअर्स यांत आहे, तेव्हा त्यांचीच तपासणी नेटाने करायला हवी. बोनस पूर्ण करपात्र असतो. तुमच्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर उपकरासह 31.2 टक्के जातील आणि 8 लाखांचे साडेपाच लाख हातात पडतील. वर्षाच्या आत नोकरी सोडली, तर बोनस परत करण्याचे कलम पत्रात जवळपास नक्की असेल. परत करायची रक्कम 8 लाख की तुम्हाला मिळालेले साडेपाच, हे एचआरला ई-मेलने विचारा आणि उत्तरही ई-मेलनेच घ्या. मी वेतन विभागात काम करत असताना एका तरुणाला हे दहाव्या महिन्यात कळले होते. कर कापून हातात आलेली रक्कम त्याने बहिणीच्या लग्नात खर्च केली होती आणि कंपनी कापलेल्या करासकट पूर्ण रक्कम मागत होती. त्याच्या पत्रातले ते कलम बारीक अक्षरात नव्हते, चांगले ठळक होते. पण ऑफर आल्याच्या दिवशी कलमे वाचतो कोण?

शेअर्सबाबत एक गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही. 40 लाख हा आकडा रुजू होतानाच्या भावाने शेअर्सच्या संख्येत बदलतो आणि पुढे ती संख्या तेवढीच राहते. किंमत मात्र बाजार ठरवतो. मेटाचा (तेव्हाच्या फेसबुकचा) शेअर सप्टेंबर 2021 मध्ये 380 डॉलरच्या आसपास होता, नोव्हेंबर 2022 मध्ये 90 च्या खाली आला आणि 2024 मध्ये 500 च्या पुढे गेला. तेवढ्याच डॉलरचे शेअर्स कबूल करून घेतलेल्या दोन माणसांपैकी 2022 च्या नोव्हेंबरात रुजू झालेल्याला आदल्या वर्षीच्या सप्टेंबरातल्यापेक्षा चौपट संख्या मिळाली असती. दोघांच्या हुशारीत काडीचा फरक नसेल, फरक पडला तो रुजू होण्याच्या तारखेचा. त्याच नोव्हेंबरात त्या कंपनीने 11,000 लोकांना कमी केले, हेही विसरू नये. शेअर पडण्याची आणि नोकरी जाण्याची वेळ अशी एकत्र येऊ शकते. म्हणून शेअर्स नावावर होताच विकून त्या पैशांचे पुढे काय करायचे ते स्वतंत्रपणे ठरवावे, असे मी माझ्या भाच्यालाही सांगितले आहे. तो ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

शेअर्स नावावर होतात त्या दिवसाच्या बाजारभावाने ते पगार समजून कर लागतो आणि कंपनी बहुधा त्यातले काही शेअर्स विकून तो भरते. उरलेले ठेवलेत, तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरणे बंधनकारक आहे. ते आर्थिक वर्षाऐवजी जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणे भरायचे असते, त्यामुळे सवयीने चूक होते. दोन वर्षांनंतर विकल्यास नफ्यावर 12.5 टक्के कर आहे.

आता वेळ. तुमचा आजचा आठवडा प्रवास धरून 48 तासांचा आहे. हैदराबादला ऑफिसजवळ राहून रोजचा एक तास प्रवास धरला, तरी 55 तास होतात. वर्षाचे 46 आठवडे आणि ऑन-कॉलच्या आठ आठवड्यांचे प्रत्येकी दहा जादा तास धरले, तर हिशेब असा निघतो : आज करोत्तर तुमच्या एका तासाला सुमारे 875 रुपये पडतात. नव्या नोकरीत बोनस आणि शेअर्स मिळवून, भाडे वजा करून, पहिल्या वर्षी सुमारे 920 पडतील. तिसऱ्या वर्षी, शेअरचा भाव आहे तेवढाच राहिला आणि पगारवाढ दोन्हीकडे शून्य धरली, तर 1,080 च्या आसपास. ‘जवळजवळ दुप्पट’ म्हणून ज्याचे पेढे वाटायचे ठरले आहे, ती पहिल्या वर्षी तासाला 45 रुपयांची वाढ आहे.

शिवाय सगळे तास सारखे नसतात. सिअ‍ॅटलमध्ये सकाळी नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. ऑन-कॉलच्या आठवड्यात लॅपटॉप उशाशी घेऊन झोपणे, नाटकाला गेले तरी फोन हातात ठेवणे आणि गावी जत्रेला न जाणे हे कोणत्याच तक्त्यात मावत नाही. त्या टीममधल्या एखाद्या माणसाशी बोलायची विनंती करा आणि दोनच गोष्टी विचारा : गेल्या ऑन-कॉलमध्ये मध्यरात्रीनंतर किती वेळा उठावे लागले, आणि टीममधल्या किती जणांची दोन वर्षे पूर्ण झाली आहेत? दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, कारण तुमच्या 40 लाखांपैकी 32 लाख दोन वर्षांनंतरचे आहेत.

माझे मत विचारलेत म्हणून सांगतो. केवळ पैशांसाठी एका-दोन वर्षांकरिता जायचे असेल, तर ही ऑफर या आकड्यांवर स्वीकारण्यासारखी नाही. तिथले काम तुम्हाला मनापासून शिकायचे असेल आणि किमान तीन वर्षे राहण्याची तयारी असेल, तर आधी फिक्स्ड रकमेची बोलणी करा. 30 ऐवजी 34 मागा; एवढी वाढ न मिळाल्यास दुसऱ्या वर्षाचा बोनस वाढवून मागा. बड्या कंपन्यांत मूळ वेतनाला त्या त्या पातळीची कमाल मर्यादा असते, बोनसमध्ये मात्र एचआरला थोडी मोकळीक असते. घर बदलण्याचा खर्चही मागून घ्या. न मागता तो मिळेलच असे नाही.

प्रश्न : माझ्याकडे पुण्यातल्याच दोन ऑफर आहेत आणि पगार जवळपास सारखा आहे. एकीकडे तिन्ही वेळचे मोफत जेवण, जिम, कॅब आणि ‘अमर्याद रजा’. दुसरीकडे 24 दिवसांची रजा आणि आई-वडिलांसह 5 लाखांचा आरोग्यविमा. आईला मधुमेह आहे. पहिली कंपनी जास्त आकर्षक वाटते. चुकते आहे का?

उत्तर : सवलतीची किंमत ठरवताना एकच प्रश्न विचारावा : ही गोष्ट मिळाली नसती, तर मी तिच्यावर स्वतःचे किती पैसे खर्च केले असते? ज्या जिममध्ये तुम्ही वर्षातून सहा वेळा जाणार, तिची किंमत सहा वेळांचीच.

मोफत जेवणाबद्दल माझे मन थोडे कलुषित आहे, ते आधीच कबूल करतो. हिंजवडीतल्या ज्या कंपनीत मी काही वर्षे काढली, तिथे रात्रीचे जेवण साडेआठला लागायचे आणि घरी सोडणारी कॅब नऊला निघायची. सात वाजता काम संपलेला माणूस साडेसातपर्यंत चुळबुळ करायचा, मग कॅन्टीनमधून पनीरच्या भाजीचा वास यायचा आणि तो पुन्हा खुर्चीत बसून एखादे तिकीट (सोडवायची तक्रार) उघडायचा. कोणी कोणाला थांबवत नव्हते. दीडशे रुपयांच्या ताटात कंपनीला दीड तास मिळत होता.

अमर्याद रजेत शिल्लक नावाचा प्रकारच उरत नाही. वर्षअखेरीस साठत नाही आणि नोकरी सोडताना रोख मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2023 पासून अमेरिकेतल्या पगारी कर्मचाऱ्यांसाठी ही पद्धत आणली, तेव्हा आधीच्या साठलेल्या रजेचे पैसे चुकते केले होते. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना यांच्या 2017 च्या कायद्यानुसार वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. ती हक्काची रजा या कंपनीत कशी नोंदवतात ते विचारा. उत्तर देताना एचआर अडखळले, तर तेही उत्तरच आहे.

विम्याचे पारडे मात्र खरोखर जड आहे. मधुमेह असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीची स्वतंत्र पॉलिसी महाग असते आणि आधीच्या आजारांसाठी बहुधा काही वर्षे थांबावे लागते. कंपनीच्या गट विम्यात असे थांबणे सहसा नसते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आणि आई-वडिलांच्या दाव्यात तुम्हाला किती टक्के भरावे लागतील, एवढे पाहून घ्या. हा विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून आईची एक लहान स्वतंत्र पॉलिसी आजच सुरू करावी. मी दुसरी कंपनी निवडली असती. आणि 26 आठवड्यांची प्रसूती रजा कोणी ‘सवलत’ म्हणून यादीत दाखवली असेल, तर ती खोडून टाका. 2017 पासून ती कायद्यानेच आहे.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात एका मोठ्या आयटी कंपनीत आहे. रोज बारा तास काम करतो, ओव्हरटाइम मिळत नाही. मी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो, आमच्याकडे जादा तासाला दुप्पट दर असे. आयटीला कायदा नाही का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : कायदा आहे. वर सांगितलेल्या 2017 च्या कायद्यात मुळात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा व जादा कामाला दुप्पट दर आहे. दिवसाची मर्यादा 10 तास करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मान्यता दिली. परंतु व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या व्यक्तींना या तरतुदी लागू होत नाहीत, आणि आयटीत तीन वर्षांत हुद्द्यापुढे ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ लागते. हुद्दा काहीही असो, प्रत्यक्ष काम काय करतो हे महत्त्वाचे, असा युक्तिवाद करता येतो. पण त्यासाठी पुरावा लागतो.

अडचण नेमकी तिथे आहे आणि टाइमकीपर म्हणून ती तुम्हाला लगेच उमगेल. तुमच्या कारखान्यात हजेरीची नोंद तुम्ही ठेवत होता. मुलाच्या कंपनीत टाइमशीट तो स्वतः भरतो आणि प्रकल्पाला मंजूर झालेले तास आठ असल्यामुळे रोज आठच भरतो. तसे न भरल्यास मॅनेजर ती परत पाठवतो. कागदावर त्याने कधीच जादा काम केलेले नाही. त्याला सांगा, दाराच्या स्वाइपच्या वेळा कंपनीच्या पोर्टलवर दिसत असतील, तर दर महिन्याला त्या पाहून स्वतःच्या वहीत उतरवून ठेवाव्यात.