पाव कुठून आला?

तुझा मेल दोनदा वाचला. गुरुत्वाकर्षणाला क्वांटममध्ये बसवू पाहणारे हे दोन पंथ; स्ट्रिंगवाल्यांकडे जाऊ की लूपवाल्यांकडे, महिनाअखेरीस संशोधनाचा गाईड ठरवायचाय, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना वेड्यात काढतायत. सेमिनारांतली वाक्यं तू छान टिपलीस. फक्त तुझं स्वतःचं एकही गणित त्यात नाही. रागावू नकोस, पण मी आधी तेच शोधत होतो.

एकच विचारतो. कृष्णविवराची एंट्रॉपी, म्हणजे त्याच्या शक्य सूक्ष्म अवस्थांचं माप, प्लांक एककांत (निसर्गाचे स्थिरांक एक धरून) त्याच्या क्षितिजाच्या, जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या पाव पट असते असं तू सहज लिहून गेलीस. तो पाव कुठून आला? तू काढलायस?

भौतिकशास्त्रज्ञ बेकेनस्टाइनला १९७२-७३ मध्ये एवढं दिसलं होतं की एंट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात असावी. गुणक पक्का सांगता येत नव्हता. हॉकिंगला तर ही कल्पनाच मान्य नव्हती. पण १९७४ मध्ये त्याने गणित केलं, विवर तापलेलं निघालं, आणि तापमानामागोमाग पावही आला. मत त्याचं उलट बाजूचं होतं, हे लक्षात घे. गणिताने त्याला इकडे आणलं.

आता वही घे. काल, म्हणजे वेळ, काल्पनिक संख्या मान. क्षितिजाजवळची भूमिती सपाट कागदासारखी होते आणि काल हा त्या कागदावरचा कोन होतो. कोन पुरता दोन पाय (2π, म्हणजे एक पूर्ण फेरा) फिरला नाही, तर कागदाला फुटाण्याच्या पुडीसारखं टोक येतं. ते टोक नको, म्हणून कालाचा फेरा ठरतो. फेऱ्यावरून तापमान: वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात, छेदात आठ पाय. मग ऊर्जा भागिले तापमान इंटिग्रेट कर, आठाचे चार होतात. क्षेत्रफळात सोळा पाय असतातच. चार भागिले सोळा. अर्धं पान लागतं.

ते अर्धं पान मी अकरा वर्षं लिहिलं नव्हतं.

१९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा या स्ट्रिंगवाल्यांचा पेपर आला. सूक्ष्म अवस्था मोजून चोख पाव. आमच्याकडे दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा लूपमधल्या अवस्था मोजत होतो, त्रेसष्ट पानं झाली होती. माझे गाईड म्हणाले, यात पीएचडीनंतर पोस्टडॉकची जागा मिळायची नाही. त्यांना दोष देत नाही, वही मी मिटली. पुढे कित्येक भाषणांत 'पाव' म्हणालो, लोकांनी माना डोलावल्या. मग २००७ मध्ये एका तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या एका मुलाने विचारलं, "सर, पावच का? अर्धा का नाही?" खडू हातात घेऊन मी फळ्याकडे वळलो आणि तसाच उभा राहिलो. संयोजकांनी चहा आणला म्हणून सुटलो.

तू म्हणशील, पण पंथ तर निवडावाच लागतो. निवड गं, कोण नको म्हणतंय! पण आधी दोघांचाही पाव काढ. स्ट्रिंगवाल्यांचा चोख येतो खरा, पण पहिल्यांदा आला तो पाच मितींतल्या, शून्य तापमानाच्या, फार खास विवरांसाठी. आकाशात तसलं कुणी पाहिलेलं नाही. लूपमध्ये क्षेत्रफळाचं प्रमाण आपसूक मिळतं, पाव मात्र इमिर्झी नावाचा एक अंक जुळवून घ्यावा लागतो. तोही १९९८ च्या मोजणीत एका किमतीचा होता, २००४ मध्ये मोजणी सुधारली तेव्हा दुसऱ्याच किमतीचा निघाला. म्हणजे माझी वही पुरी झाली असती तरी चुकीचीच ठरली असती. पण कितव्या पानावर चुकलो ते तरी मला दाखवता आलं असतं.

शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये गुरुत्वाकर्षणाची समीकरणं लिहायची नवी चलं मांडली आणि त्यातून लूपची वाट निघाली, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. सांगावंच. पण त्या चलांतला एक पॉसाँ कंस, म्हणजे दोन चलांमधलं नातं सांगणारी गणिती क्रिया, तरी स्वतः सोडवलेला माणूस क्वचितच भेटतो.

आणि हे 'प्रयोग नाहीत ना सर' पुन्हा म्हणू नकोस. मला माहीत आहे. सूर्याएवढ्या विवराचं तापमान एका केल्व्हिनच्या दीड कोटीव्या भागाहूनही कमी, आणि भोवतीचं अवकाश २.७ केल्व्हिन. तो पाव कुणी मोजलेला नाही, तुझ्या हयातीत मोजतील असं वाटत नाही. इथे कोणताही थर्मामीटर येऊन तुझी चूक दाखवणार नाही, मग तू स्वतःही हिशेब करायचा नाही म्हणजे काय?

मी मागे पडलो असं म्हणतात. २००७ नंतर माझे पेपर मोजकेच, मान्य. त्या वर्षांत मी जुनी गणितं एकेक करून पुरी करत बसलो होतो, बढतीच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो. तरी पुन्हा तेच करेन. बायको म्हणते, हा हट्टीपणा आहे. असेल.

गाईडची मुदत पंधरा दिवस वाढते का, ऑफिसात विचार, बहुधा वाढते. रविवारी अकराला घरी ये. अर्धं पान लिहून आण, आठ पाय कुठून आले ते मी विचारणार आहे. माझी त्रेसष्ट पानं माळ्यावर आहेत, तोवर काढून ठेवतो.