नोटेशन समोर ठेवून वाजवणं कमीपणाचं का?

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. व्हायोलिनवर कोरेल्ली या जुन्या इटालियन संगीतकाराचं ‘ला फोलिया’ बसवते आहे. तिचे सर म्हणतात, कार्यक्रमात नोटेशन समोर असू दे. माझे सासरे इथल्या देवल क्लबच्या गाण्याच्या बैठका ऐकत मोठे झाले. ते म्हणतात, कागद बघून वाजवायचं तर ते वादन कसलं? कुणाचं ऐकायचं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, सासऱ्यांची तक्रार मला समजते. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारगायक होते ते हे गाव. इथे बंदिश गुरूसमोर बसून गळ्यात उतरवायची. अशा कानांना नोटेशनचा स्टँड खुपणारच.

पण कोरेल्लीच्या कागदावर असतं तरी काय? त्याचा ओपस 5 (म्हणजे पाचवा छापील संग्रह) हा सोनाटांचा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनांचा, संच 1700 साली रोममध्ये छापला गेला; ‘ला फोलिया’ त्यातली बारावी, शेवटची रचना. पानावर दोनच ओळी. वर व्हायोलिन, खाली खर्जाचे स्वर आणि त्यांच्याजवळ आकडे. त्या आकड्यांवरून हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) वाजवणारा स्वरमेळ जागच्या जागी रचायचा. या संचातल्या संथ भागांत तर व्हायोलिनची ओळही अगदी मोजकी आहे, तिला नटवणं वादकाच्या हाती. 1710 मध्ये ॲमस्टरडॅमला काही संथ भागांची नटवलेली आवृत्ती निघाली, ‘कोरेल्ली असं वाजवतात’ असं सांगून! म्हणजे पान समोर असूनही पानाबाहेरचं पुष्कळ वाजत होतं. मैफलीत सगळं पाठ वाजवायचा रिवाज नंतरचा, 19व्या शतकात क्लारा शुमान, लिस्ट या पियानोवादकांमुळे रुजलेला.

तेव्हा माझं मत असं: स्टँड राहू दे, पण खालची ओळ तोंडपाठ हवी. डी, ए, डी, सी, एफ, सी, डी, ए (ही पाश्चात्त्य स्वरांची नावं), असे आठ बार, म्हणजे तालाचे आठ खंड. पुन्हा तसंच निघायचं आणि या खेपेला शेवटी डीवर येऊन थांबायचं. झाले सोळा बार. पुढची बहुतेक सगळी व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच चालीची बदलती रूपं, याच सोळा बारांवर उभी आहेत. सासऱ्यांना हे आवर्तन लगेच कळेल. त्यांना हाताने ताल धरायला सांगा, मुलीला खालची ओळ म्हणू दे. मग पुस्तक मिटून मधलंच एखादं व्हेरिएशन सुरू करायला लावा. ते जमलं की रचना तिची झाली.

मग कागद कशाला? सगळ्या व्हेरिएशन्सचा पाया एकच, त्यामुळे नुसत्या बोटांच्या सवयीवर वाजवणारा विद्यार्थी तिसऱ्यातून थेट सातव्यात कधी शिरला ते त्यालाच कळत नाही, आणि साथीला बसलेला अडकतो. माझ्या क्लासमध्ये हे नेहमीचं आहे. दोघं मिळून वाजवतात तिथे पान असावं.

जर्मन संगीतकार बाखची 1720 ची एकट्या व्हायोलिनची सोनाटा किंवा पार्टिता (नृत्यचालींची मालिका) वाजवायची वेळ येईल तेव्हा मात्र मी सासऱ्यांच्या बाजूने. तिथे साथ नाही, आणि नटवणूकही बाखने बरीचशी स्वतःच लिहून ठेवली आहे. ते पाठच हवं.

एक बघा, शिकवणीच्या पुस्तकांत ‘ला फोलिया’ पुष्कळदा नंतरच्या कुणी बदललेल्या रूपात असते. जुनी छापील प्रत इंटरनेटवर फुकट मिळते, तीही जवळ ठेवा. झेरॉक्सची पानं शेजारी शेजारी चिकटवा, म्हणजे उलटावी लागणार नाहीत. हॉलमधल्या पंख्याने ती उडतात, तेव्हा कपड्यांचे चिमटे न्या. स्टँड छातीच्या खाली आणि जरा तिरका लावा, सासऱ्यांना तिचा बो दिसला पाहिजे.